उंबऱ्याबाहेरच्या तीन हाका

बेळगावला निघालेय म्हटल्यावर गल्लीतल्या चौघींनी तिथला खव्याचा कुंदा आणायला सांगितला होता. मी आणलाही. परत आल्यावर त्यांनी विचारलं, "कशी झाली हो ट्रिप?" मी डबे त्यांच्या हातात ठेवले आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून बायका म्हणतात, बेळगावहून आल्यापासून बाई तुसड्या झाल्यात. तुसडी मी पहिल्यापासूनच आहे, पण त्या आठ दिवसांचं कुणालाच सांगितलं नव्हतं हे खरं. ते आता लिहिते.

मी नगरची. पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि गॅदरिंगची नाटकं बसवली. निवृत्त झाल्यावर घरात बसवेना, म्हणून दोन वर्षं शनिवार-रविवार पुण्याला जाऊन मनोनाट्य शिकले. हे काय असतं ते दोन वाक्यांत सांगते. माणूस ज्या गोष्टीपाशी अडून बसलाय ती नुसती बोलायची नाही, करून बघायची. बापाशी भांडण राहिलं असेल तर गटातल्या कुणाला तरी बाप करायचं, समोर बसवायचं, राहिलेलं बोलून टाकायचं. डॉक्टरांच्या गोळ्या चालूच असतात, हे त्यांच्या जोडीला.

विद्या माझी जुनी विद्यार्थिनी. आता बेळगावात मनोविकारतज्ज्ञ आहे. हिंडलग्याच्या रस्त्याला एक बैठं घर भाड्यानं घेऊन तिनं दिवसाचं केंद्र काढलंय. आजारातून उठलेली पण घरी नुसती बसून असलेली माणसं तिथं सकाळी दहाला येतात, चारला जातात. "बाई, आठ दिवस या. आमच्या लोकांबरोबर काम करा," असं ती दोन वर्षं म्हणत होती. शेवटी मी गेले. थंडीचे दिवस होते.

हिंडलग्याच्या रस्त्यावर

पहिल्या सकाळी विद्यानं पुरी आणि पातळभाजी खायला घातली. आमच्याकडे बटाट्याची भाजी सुकी असली तरच पुरीबरोबर चालते. इथं ती पातळ, पिवळी, आणि पुरी तिच्यात बुडवून खायची. चौथ्या पुरीला मी नको म्हटलं तर स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, "बाई, लाजू नगासा. नगरला काय उपाशी मारत्यात व्हय?" मी पाचवीही खाल्ली.

केंद्रात अकरा जण होते. त्यातल्या दोघांचीच ही गोष्ट आहे.

एक रुक्मिणीआक्का. येळ्ळूरची, पंचावन्नच्या आसपासची बाई. घरची चार तुकडे शेती, भात आणि मसूर. नवरा गोव्याला गवंडीकामावर, पंधरा दिवसांनी रविवारी येणार. दोन वर्षांपूर्वी तिचा एकुलता पोरगा सचिन कामावर जाताना मोटरसायकलवरून पडून गेला. त्या सकाळी माय-लेकरांचं भांडण झालं होतं. तो न जेवता उठला तशी ही म्हणाली होती, "न जेवता जातोस तर परत येऊच नको." हे तिच्या नवऱ्यानं विद्याला सांगितलेलं. ती स्वतः काहीच बोलत नव्हती. दोन वर्षं रोज दुपारी सचिनचं ताट वाढायची, झाकून ठेवायची आणि रात्री म्हशीला घालायची. सचिन गेला, हे दोन शब्द तिच्या तोंडून एकदाही आले नव्हते. विद्याला तेच हवं होतं. "एवढं बोलली तरी पुढचा रस्ता सुटेल, बाई."

दुसरा परशराम. पस्तिशीचा, उंच, खणखणीत आवाजाचा. नंदगडच्या पलीकडच्या एका वाडीतला, आता हिंडलग्यात थोरल्या भावाकडे राहायचा. त्याला वीस-बाविसाव्या वर्षी स्किझोफ्रेनिया झाला. कानात आवाज यायचे, घरातून निघून जायचा. गोळ्यांनी गेली तीन वर्षं ठीक होता. विद्यानं त्याच्यासाठी एका रोपवाटिकेत काम बघितलं होतं, आणि येत्या सोमवारपासून तो जाणार होता. आयुष्यातली पहिली नोकरी. भेटेल त्याला सांगत होता.

आजारी पडायच्या आधी तो गावच्या जत्रेतल्या नाटकांत कामं करायचा. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना विचारलं, नाटक म्हटलं की काय आठवतं? बाकीच्यांनी टीव्ही सांगितला. परशराम उठून उभाच राहिला.

"मला रंग उतरवायचं आठवतंय, बाई. नाटक पहाटे संपायचं. तसंच रंग लावून घरात यायचं न्हाय. आई उंबऱ्याच्या भाईर थांबवायची. खोबरेल तेल घ्यायची हातावर, सगळं तोंड पुसून काढायची. मग आत जाऊन उंबऱ्यात उभारायची आन् नाव घेऊन तीन हाका मारायची. परशराम, परशराम, परशराम. तिसऱ्या हाकेला ओ द्यायची, मगच आत. न्हायतर आमच्यात म्हनत्यात, सोंग घरात शिरतंय."

"आणि आई आता?" मी विचारलं.

"आई गेली की. वाडीतल्या घराला कुलूप हाय."

काय सुंदर सांगितलं, म्हणून मी ते रात्री वहीत उतरवून घेतलं. प्रवासातलं कौतुक म्हणून, चार लोकांना वाचून दाखवायला. मी किती मठ्ठ आहे हे त्या पानावरून कळतं. पुण्याला दोन वर्षं आम्हाला एकच गोष्ट घोकून घोकून शिकवली होती. दुसऱ्याची भूमिका केलेल्या माणसाची ती भूमिका तिथल्या तिथं उतरवायची. 'मी अमका नाही, मी तमका' असं त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं, त्याला त्याच्या जागेवर बसवायचं, आणि मगच पुढचं. नंदगडकडची एक अडाणी बाई तेच तेल घेऊन करत होती. मला दोन्ही गोष्टी माहीत होत्या आणि एकीचा दुसरीशी संबंध लागला नाही.

परशराम बोलत होता तेव्हा रुक्मिणीआक्का भिंतीला टेकून छताकडे बघत बसली होती. ती काही ऐकत नाही असं आम्ही सगळ्यांनीच धरलेलं.

संध्याकाळी विद्यानं बजावलं, "बाई, एक लक्षात ठेवा. परशरामला कुणा मेलेल्या माणसाचं काम देऊ नका. तो आता कुठं स्वतःत नीट बसलाय."

"अगं, मला कळतं," मी म्हटलं. मला राग आला होता थोडा. जिला मी र्‍हस्व-दीर्घ शिकवलं ती मला शिकवतेय, असा.

बुधवार, ताट

बुधवारी विद्या दवाखान्यात होती. केंद्रात मी आणि सुजाता. सुजाता निपाणीची, केंद्रातली समाजसेविका, तिशीची, कामाला वाघ. तिची आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती आणि तिनं मुलीला एम.एस.डब्ल्यू. केलं. सुजाताला मनोनाट्याचं शिक्षण नव्हतं, पण मी पहिल्या दिवशी जे सांगितलं ते तिनं सगळं वहीत टिपून घेतलं होतं.

मी मध्ये एक पाट मांडला आणि रिकामं ताट ठेवलं. म्हटलं, ज्याला कुणाला जेवायला बोलवायचं राहिलंय त्यानं बोलवा. मग रुक्मिणीआक्का उठली. तीन दिवसांत पहिल्यांदा स्वतःहून उठली. पाटाजवळ येऊन उभी राहिली.

"कुणाला बसवायचं, आक्का? गटातलं कुणी निवडा."

तिनं हात वर केला आणि परशरामकडे बोट दाखवलं.

मला विद्याचं बोलणं आठवलं नाही असं नाही. चांगलं आठवलं. पण त्याच वेळी माझ्यातली नाटकवाली बाई म्हणाली, अगं, हाच. उंची आहे, आवाज आहे, ह्याच्याइतकं कुणाला जमणार नाही. आणि आक्का आज उठलीय ती उद्या उठेलच असं कुठाय? मी परशरामला म्हटलं, "येशील?" तो आधीच पाटावर येऊन बसला होता.

पुढचं मी पस्तीस वर्षांत रंगमंचावर पाहिलं नव्हतं. आक्का समोर बसली. ताटात नसलेली भाकरी वाढली, नसलेली आमटी वाढली. मग दोन वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज फुटला, "जेव रं. मी रागानं बोल्ले. जेवून जा." परशराम जेवायला लागला. एकेक घास मोडून, आमटीत बुडवून, बोटं चाटून. सगळं ताट संपवलं. पाणी प्याला. तिच्याकडे बघून म्हणाला, "जेवलो, आई. पोट भरलं."

आक्कानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि असा हंबरडा फोडला की बाहेर रस्त्यावरची माणसं थांबली. सगळे रडत होते. मी रडत होते. स्वयंपाकाच्या मावशी दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

सुजाता माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, आता ते उतरवायचं ना? परशरामचं?"

मी हातानं तिला गप्प केलं.

पडदा पडल्यावर लगेच बोलायचं नाही, ती शांतता प्रेक्षकांची असते, हे मी मुलांना जन्मभर शिकवलं. तीच सवय. इतकं सुंदर झालंय, त्यात मध्येच 'म्हण, मी सचिन नाही' असलं काही घुसडायचं माझ्या जिवावर आलं. म्हटलं, जरा थांबून करू. तेवढ्यात जेवण आलं, पानं मांडली, कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. इकडे भाकरी कडक वाळवून ठेवतात, पापडासारखी मोडते, आठ-आठ दिवस टिकते. मी तिचं कौतुक करत बसले. आणि ते राहून गेलं.

पुढचे तीन दिवस

गुरुवारी आक्का वेणी घालून आली. नीट घातलेली, तेल लावून. सुजाताला म्हणाली, "लई दिसानं झोप लागली बघ." विद्यानं मला मिठी मारली. "बाई, हे गोळ्यांनी दोन वर्षांत झालं नव्हतं!" परशराम कुणाचं काम करत होता, तिनं विचारलं. मी सांगितलं. तिचा चेहरा उतरला. "भूमिका उतरवली ना नीट?"

"हो," मी म्हटलं.

खोटं बोलले. शाळेत खोटं बोलणाऱ्या पोरांना मी वर्गाबाहेर उभं करायचे.

परशराम त्या दिवशी आक्काशेजारी बसला होता. मी दोनदा हाक मारली तर त्यानं बघितलं नाही, तिसऱ्यांदा सुजातानं खांद्याला हात लावला तेव्हा वळला. मी म्हटलं, सोमवारची नोकरी डोक्यात असेल. शुक्रवारी तो आलाच नाही. सुजाता म्हणाली, भावाला फोन करूया का? मी म्हटलं, अगं, नवीन कपडे-बिपडे घ्यायला गेला असेल. शनिवारीही आला नाही. आक्का मात्र आली, गालावर रंग आलेला, आणि दुपारी लवकर निघाली. "घरात काम हाय," म्हणाली. मला वाटलं, बाईचा संसार पुन्हा सुरू झाला. शनिवारी संध्याकाळी मी कुंदा विकत घेतला. इतकी मी खूष होते.

निपाणी, रविवार

रविवारी सुजातानं मला घरी नेलं. निपाणीच्या हवेत तंबाखूचा वास असतो. तिथल्या माणसांना तो येत नाही, मी मात्र उतरल्या उतरल्या चार शिंका दिल्या. सुजाताची आई हसली. "आमी त्यातच जल्मलो. तुमाला आमच्यात ऱ्हायाचं तर आधी नाक सोडाय लागंल." तिच्या बोटांची टोकं अजून तपकिरी आहेत. कोंबडीचा रस्सा केला होता, आणि नगरी जिभेच्या माझ्याही डोळ्यांतून पाणी येईल इतका तिखट.

मी तिला मोठ्या तोंडानं रुक्मिणीआक्काची गोष्ट सांगत होते. ताटाची, हंबरड्याची. ती ऐकत होती. मग म्हणाली, "आन् त्यो पोरगा? ज्यानं लेकाचं सोंग घेटलं? त्येला कसं वाटलं?"

मी काही बोलायच्या आत सुजाताचा फोन वाजला. आक्काचा नवरा, नारायणअण्णा. फोनमधला आवाज मला पलीकडे बसून ऐकू येत होता. "ताई, मी आत्ता गोव्यासनं आलोय. माझ्या घरात एक बाप्या बसलाय. माझ्या लेकाची कापडं घालून. आन् ही त्येला जेवाय वाढायलीय. ह्यो कोन हाय? तुमच्या तिथला हाय म्हनती ही. मी काय करू, सांगा."

मी ताटावरून उठले. हात धुतला की नाही ते आठवत नाही.

निपाणी ते येळ्ळूर दीड तास. सुजाता रस्त्यात विद्याला फोन करत होती, परशरामच्या भावाला फोन करत होती. भाऊ म्हणाला, "त्यो बुधवारपासनं रातचा उशिरा येतोय आन् सकाळी जातोय की. बाईंची तालीम हाय म्हनाला. ह्या दोन दिसांत तितंच झोपतो म्हनाला." म्हणजे बुधवारपासूनच तो आक्काकडे जात होता. आक्का गुरुवारी वेणी घालून आली ती त्यामुळे. झोप लागली ती त्यामुळे. सुजाता माझ्याकडे बघत नव्हती. तिनं एक शब्द सुनावला असता तर बरं वाटलं असतं.

येळ्ळूर

गावात शिरताना उजवीकडे गड दिसतो. तो बघायला मला मंगळवारी नेणार होते. भात कापलेली मोकळी शेतं, त्यात मसूर वीतभर उगवलेला. घर गावाच्या टोकाला, समोर म्हशीचा गोठा, दारात वीस-पंचवीस माणसं जमलेली. नारायणअण्णा कट्ट्यावर डोकं धरून बसले होते. हातात काठी होती, पण ती त्यांनी उगारली नव्हती. "मारणार हुतो," ते म्हणाले. "शर्ट बघून हात उचलला न्हाय."

आत परशराम पाटावर बसला होता. चौकडीचा शर्ट, दंडाला घट्ट झालेला. समोर ताट. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले, ओठ सारखे हलत होते. आक्का भिंतीशी उभी.

मी त्याच्यासमोर बसले. जे बुधवारी करायचं होतं ते रविवारी करायला निघाले. "परशराम, माझ्याकडे बघ. म्हण, मी सचिन नाही, मी परशराम आहे."

तो हसला. समजूत घातल्यासारखा. "बाई, अजून नाटक चालू हाय. संपलं म्हनून तुमी कुठं सांगितलासा?"

त्याचं बरोबर होतं. मी सांगितलंच नव्हतं.

सुजातानं विचारलं, "गोळ्या घेतल्यास का रे?"

"गोळ्या परशरामच्या हायत," तो म्हणाला. "मला कशाला? मला काय झालंय?" मग मान वळवून रिकाम्या कोपऱ्याला म्हणाला, "व्हय व्हय, जातो. गाडीची किल्ली कुठं हाय?"

किल्ली म्हटल्यावर आक्का हलली. तोवर नुसती उभी होती. आता तिला कळलं असावं, हा जेवून कुठं जायला बघतोय ते. बाहेर नारायणअण्णांची मोटरसायकल उभी होती.

तिनं फडताळातून खोबरेलची बाटली काढली. परशरामच्या दंडाला धरून म्हणाली, "चल भाईर." तो मुकाट्यानं उठला. आईनं सांगितलं म्हणून. तिनं त्याला उंबऱ्याबाहेर अंगणात उभं केलं. लोक मागं सरले. तिनं हातावर तेल ओतलं आणि त्याच्या तोंडाला लावलं. कपाळ, गाल, दाढी, गळा. पदरानं पुसून काढलं. चेहऱ्यावर रंगाचा ठिपकासुद्धा नव्हता, तरी घासून घासून पुसत होती. छताकडे बघत बसलेल्या ह्या बाईनं पहिल्या दिवशी त्याचा शब्द न् शब्द ऐकला होता.

मग ती आत गेली, उंबऱ्यात त्याच्याकडे तोंड करून उभी राहिली.

"परशराम."

तो तिच्याकडे बघत राहिला.

"परशराम. माझा सचिन मेला. दोन वर्सं झाली. मी त्येला उपाशी घालवला."

नारायणअण्णांनी तोंडावर हात घेतला. सुजातानं माझं मनगट धरलं.

"परशराम!"

"ओ," तो म्हणाला.

त्याचे ओठ थांबले. त्यानं स्वतःच्या अंगातल्या शर्टाकडे बघितलं, गर्दीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला ओळखलं. आणि मग आयुष्यभर जसं झालं होतं तसंच, तिसऱ्या हाकेला ओ दिल्यावर पुढं जे करायचं तेच करायला निघाला. आत जायला त्यानं उंबऱ्यावर पाय ठेवला.

आक्कानं दोन्ही हात चौकटीला लावले.

"न्हाय बाळा," ती म्हणाली. "हे तुझं घर न्हवं."

"मग माझं कंचं?"

तो खरोखरच विचारत होता. वीस-पंचवीस माणसं होती तिथं. भाऊ अजून पोचला नव्हता. मी शिकलेली, सुजाता शिकलेली. तो तेल लावलेल्या तोंडानं अंगणात उन्हात खाली बसला आणि विद्या गाडी घेऊन येईपर्यंत तसाच बसून राहिला. मी शेजारी बसले. त्यानं एकदाच विचारलं, "उद्या सोमवार न्हवं? मला कामावर जायचं हाय."

विद्यानं त्याला हळू बोलून गाडीत बसवलं, इंजेक्शन दिलं. गाडी गेल्यावर आक्का आत गेली. ताट उचललं, त्यातलं म्हशीला घातलं, ताट राखेनं घासलं, धुतलं आणि फळीवर उभं करून ठेवलं. मग नवऱ्याजवळ कट्ट्यावर जाऊन बसली. दोन वर्षांनी पहिल्यांदा ती दोघं एका जागी बसून रडली. आम्ही ज्यासाठी हे सगळं मांडलं होतं ते झालं होतं. कुणाला घालवून झालं हे मी बघत होते.

निघताना

सोमवारी रोपवाटिकेच्या जागेवर दुसऱ्या कुणाला तरी घेतलं. परशराम दवाखान्यात होता. दवाखान्याचा अर्ज कानडीत. 'सोबत कोण' त्या रकान्यात सुजातानं स्वतःचं नाव लिहिलं, कारण परशरामच्या भावाला त्याची बायको येऊ देईना.

मी विद्याला सगळं सांगितलं. गुरुवारी खोटं बोलले तेही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी त्याला इथं पुन्हा पाय ठेवू दिला नसता." मी म्हटलं, "मलाही देऊ नकोस." ती रडायला लागली. मी तिला जवळ घेऊ शकले नाही, तो हक्क मी घालवला होता. गड बघायचा राहिला. मंगळवारी पहाटेच्या गाडीनं निघाले. निपाणी आल्यावर तंबाखूचा वास आला आणि ह्या वेळी शिंक आली नाही.

परशरामला दवाखान्यातून सोडायला दीड महिना लागला. आवाज पूर्ण गेलेले नाहीत, पण गोळ्या घेतो. केंद्रात येतो. एक गोष्ट मात्र नवीन झालीय, ती सुजातानं फोनवर सांगितली. संध्याकाळी भावाच्या घरी गेला की तो आत जात नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहतो. नाव घेऊन तीन हाका मारल्याशिवाय पाय उचलत नाही. भाऊ कामावरून रात्री येतो. भावजय म्हणाली, "आमी काय नाटकातली मानसं न्हवं. रोज त्येला आरती ओवाळायची काय?" मग तो भाऊ येईपर्यंत बाहेर उभा. थंडीत, पावसात.

मी विद्याला विचारलं, फोनवरून मी हाका मारू का? ती म्हणाली, "ह्याला औषध म्हणता येणार नाही. पण करा." भावजयीला मी खूप विनवलं. शेवटी ती म्हणाली, फोन उंबऱ्यात ठेवीन, तुमचं तुमी बघा.

आता रोज संध्याकाळी सहाला मी इथून फोन लावते. ती स्पीकर चालू करून फोन खाली ठेवते. मी तीन हाका मारते. तिसरीला पलीकडून "ओ" येते, मग पावलं वाजतात, मग ती फोन बंद करते. तो मला काही बोलत नाही. मीही दुसरं काही बोलत नाही. सहा वाजता मी कुठंच जात नाही, कुणाला घरी बोलवत नाही. बायका म्हणतात, तुसडी.

कधी कधी भावजय फोन उचलत नाही. माहेरी गेलेली असते, चिडलेली असते, विसरते. काल उचलला नाही. साडेसहाला लावला, नाही. पावणेसातला सुजाताला सांगितलं. ती निपाणीत होती, म्हणाली त्याच्या भावाला सांगते, पण तो कामावर फोन घेत नाही. मी सातला पुन्हा लावला. नगरला अंधार पडला होता. तिकडंही पडला असणार.